महाप्रसाद की नळाचं पाणी? जे आजारी पडले नाहीत त्यांना विचारलंत का?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. १,८०० वस्तीचं गाव. सप्ताहाची सांगता रविवारी झाली, काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद. सोमवारपासून उलट्या-जुलाब सुरू झाले, आज नवव्या दिवशी रुग्ण ७४. बुधवारी संध्याकाळी टाकीत टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या पावडरीचा) दुप्पट डोस टाकला, गुरुवारी पाण्याचा नमुना गेला आणि अहवाल आला ‘पिण्यास योग्य’. तेव्हापासून ग्रामपंचायत म्हणते दोष महाप्रसादाचा, सप्ताह कमिटी म्हणते नळाचा, आणि दोघांच्या भांडणात आचाऱ्याच्या दारात जाऊन लोक वाटेल ते बोलून आले. तुमचा प्रश्न असा की अहवाल स्वच्छ असताना पाण्यावर संशय घेता येतो का, आणि नक्की कारण ठरवतात कसं.

जिल्ह्यातल्या साथींच्या मागे फिरण्यात माझी पंचवीस-एक वर्षं गेली. तरी इतक्या दुरून मी निकाल देणार नाही. पण तुमच्या मजकुरात एक वाक्य तुम्ही कंसात टाकून पुढे गेलात: ‘खालच्या आळीतली एक मुलगी शनिवारीच आजारी होती, पण ते वेगळं असावं.’ मी त्या कंसापाशी थांबलो. त्याच्याकडे परत येऊ.

आधी अहवालाचं. बुधवारी दुप्पट टीसीएल टाकून गुरुवारी नमुना घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्या बाटलीने तुम्हाला गुरुवारचं पाणी सांगितलं. शुक्रवारचं, शनिवारचं पाणी कसं होतं ते ती सांगू शकत नाही. शिवाय नमुना कुठून घेतला? टाकीच्या बुडाशी असलेल्या तोटीतून घेतला असेल तर तो टाकीचा अहवाल आहे, तुमच्या आळीतल्या नळाचा नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर येतं, किंवा एक दिवसाआड. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि पाइप जिथे गटाराला समांतर किंवा गटारातूनच गेलाय तिथल्या भेगेतून घाण पाणी आत ओढलं जातं. त्यात घरोघरी नळाला थेट मोटर लावलेली. ती मोटर टाकीतलं पाणी तर खेचतेच, गळक्या व्हॉल्व्हच्या चेंबरमधलंही खेचते. टाकीत चकचकीत पाणी आणि शेवटच्या घरात गॅस्ट्रो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की टाकीचा अहवाल मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आणि जंतूंची तपासणी स्वच्छ आली म्हणून पाणी निर्दोष, असंही नाही. याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. १९५५ च्या पुरानंतर यमुनेने पात्र बदललं आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलतात तिथे उलटं येऊन शिरलं. तिथल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीनही वाढवलं. टायफॉइड, हगवण वाढली नाही. सगळं निभावलं असं वाटलं असणार. मग डिसेंबर-जानेवारीत कावीळ फुटली, सुमारे २९,००० लोकांना. क्लोरीनने जिवाणू मेले होते, विषाणू पुरून उरले. ती कावीळ आज आपण हिपॅटायटिस ई म्हणून ओळखतो.

मग शोध घ्यायचा कशात? नऊ दिवसांत प्रसाद संपला, पातेली घासून झाली, टाकी धुतली. पुरावा उरलाय तो माणसांत: कोण आजारी पडलं, कधी, कुठे राहणारं. म्हणून पहिलं काम यादी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरवरून करू नका. त्यात माणूस दवाखान्यात कधी आला ते असतं, पोट कधी बिघडलं ते नसतं. रविवारी ओपीडी बंद, म्हणून सोमवारी गर्दी दिसते आणि साथ सोमवारी सुरू झाली असा समज होतो. तुमचा ‘सोमवार’ असाच आला नसेल ना, ते तपासा. आशाताई आणि आरोग्यसेवकाला घेऊन घरोघरी जा. खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून आलेले, घरीच साखर-मीठ-पाण्यावर बरे झालेले, हे सगळे त्यातच सापडतील.

यादीत कोणाला घ्यायचं याची व्याख्या आधी ठरवा आणि ती बदलू नका. मी अशी करीन: सप्ताह सुरू झाला त्या दिवसापासून आजवर, गावात राहणाऱ्या किंवा सप्ताहाला आलेल्या कुणालाही एका दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलट्या. यात ‘महाप्रसाद खाल्लेला’ हे शब्द नाहीत, आणि तारीख रविवारपासून नाही. हे मुद्दाम आहे. व्याख्येतच प्रसाद घातला की चौकशीआधी आचारी दोषी ठरला, आणि शनिवारची मुलगी आपोआप यादीबाहेर गेली.

यादी झाली की एका मोठ्या कागदावर आडवी रेघ मारा, खाली तारखा, आणि दर रुग्णामागे त्याच्या तारखेवर एक चौकोन चढवत जा. संगणक लागत नाही. एका जेवणातून बाधा झाली असेल तर चौकोनांचा एकच उंच ढीग होतो आणि झपाट्याने उतरतो, कारण सगळ्यांनी एकाच वेळी खाल्लेलं असतं. ढीग जेवणानंतर किती वेळाने आला, त्यावरून जंतूचाही अंदाज बांधता येतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्यांचा सपाटा लागला तर स्टॅफिलोकॉकसचं विष, किंवा भात तासन् तास तसाच राहिला असेल तर बॅसिलस सिरियस. आठ-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, उलट्या फारशा नाहीत, तर मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेल्या अन्नातला क्लॉस्ट्रिडियम. साल्मोनेला बहुधा १२ ते ३६ तास घेतो, नोरोव्हायरस १२ ते ४८. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. या मधल्या काळाला आम्ही अधिशयन काळ म्हणतो.

आता तुमचे नऊ दिवस या मापात घालून बघा. रविवारी दुपारच्या एका जेवणातून झालेली बाधा सोमवार-मंगळवारी ठळक दिसायला हवी आणि फार तर शुक्रवारपर्यंत संपायला हवी. तुम्ही म्हणताय काल, म्हणजे दुसऱ्या सोमवारीही चार नवे रुग्ण आले. त्याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातंय, किंवा मूळ झरा अजून चालू आहे. हे दोन वेगळे ओळखायला माझी एक साधी खूण आहे: नवा रुग्ण जुन्या घरातला आहे की नव्या घरातला? ज्या घरात आधी कुणी आजारी होतं तिथली आई किंवा आजी दोन-तीन दिवसांनी पडली, तर तिने शी-उलटी काढताना घेतलं असणार. पण ज्या घरात आजवर कुणालाच काही नव्हतं तिथे आठव्या दिवशी पहिला रुग्ण निघाला, तर प्रसादाला मी विसरून जाईन आणि पाइपलाइनच्या कडेने चालायला लागेन.

जागेबद्दल तुम्ही म्हणता, ‘बहुतेक रुग्ण खालच्या आळीतले, पण तिथे लोकच जास्त राहतात.’ अगदी बरोबर शंका आहे, आणि तिचं उत्तर भागाकारात आहे. समजा खालच्या आळीत ७०० माणसं आणि ४९ रुग्ण, वरच्या आळीत ५०० माणसं आणि २० रुग्ण, मळ्यातल्या वस्त्यांवर ६०० माणसं आणि ५ रुग्ण. हे आकडे माझे, फक्त समजावण्यासाठी. तुमचे तुम्ही भरा. म्हणजे खालच्या आळीत शंभरात ७, वरच्या आळीत ४, मळ्यात एकसुद्धा पुरता नाही. याला आम्ही अटॅक रेट म्हणतो. मळ्यातले लोक प्रसादाला होते, पण पाणी आपल्या बोअरचं पितात. तुमच्या गावात खरोखर असंच चित्र निघालं, तर मळ्यातल्या त्या पाच जणांना मी स्वतः जाऊन भेटेन. ते दिवसभर मांडवात राबत होते का? मुलं गावातल्या शाळेत पाणी पितात का?

नकाशा काढताना गावात पाणी सोडणारा जो माणूस आहे त्याच्यासोबत चहा घ्या. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडतो, कुठे जेसीबीने पाइप फुटला होता आणि ट्यूब गुंडाळून भागवलं होतं, सप्ताहासाठी जादा पाणी सोडायला नेमकी कुठली लाइन जोडली, हे कुठल्याच कागदावर नसतं. त्याच्यावर आरोप करत गेलात तर तो काहीच सांगणार नाही. पाणीपुरवठ्याच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला मिळालेलं कार्ड हिरवं (सुरक्षित) आहे की लाल (धोक्याचं), तेही बघा. पण कार्ड पाहणीच्या दिवसाचं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो मी चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. वैशाखातलं लग्न, दुसऱ्या दिवशी माणसं आडवी. मी वॉर्डात फिरलो, प्रत्येकाला काय खाल्लं ते विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी बासुंदी खाल्लेली. बासुंदी, दूध, उन्हाळा. मला काही शंकाच उरली नाही. तसा अहवाल लिहिला. त्या आचाऱ्याला पुढचे दोन हंगाम तालुक्यात कुणी काम दिलं नाही. मग वर्षभराने त्याच लग्नातल्या एका पाहुण्याशी सहज बोलताना कळलं की तो आणि त्याचा भाऊ जेवलेच नव्हते, मिरवणुकीत सरबत पिऊन गाडी धरायला निघून गेले होते, आणि तेही आजारी पडले होते. सरबतात बर्फाची लादी फोडून टाकली होती, मासळीवर टाकतात ती. मी विचारलं फक्त आजाऱ्यांना. लग्नात बासुंदी सगळेच खातात, न आजारी पडलेलेही खातात, हे डोक्यात आलंच नाही. तो आचारी त्यानंतर एकदा बाजारात भेटला. मी काय बोललो असेन ते राहू द्या.

तर आजारी न पडलेल्यांना विचारा. यातला शिकवणीचा नमुना म्हणून जगभर वापरली जाते ती अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्याची गोष्ट. १८ एप्रिल १९४० ला एका चर्चचं रात्रीचं जेवण झालं. ८० जण होते, त्यातल्या ७५ जणांना गाठून विचारलं, ४६ आजारी होते. भाजलेलं डुकराचं मांस ४६ जणांनी खाल्लं, त्यातले २९ आजारी, म्हणजे शंभरात ६३. वाईट दिसतंय ना? पण न खाणाऱ्या २९ मधलेही १७ आजारी, शंभरात ५९. म्हणजे त्या मांसाने काही फरक पडला नाही. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लं ५४ जणांनी, आजारी ४३, शंभरात ८०. न खाणारे २१, आजारी फक्त ३, शंभरात १४. हा फरक बोलतो. आणि हे तिघे का आजारी पडले? कुणी दुसऱ्याच्या वाटीतलं चाखलं असेल, कुणाला आठवलं नसेल, कुणाचं पोट वेगळ्याच कारणाने बिघडलं असेल. शंभर टक्के जुळणारी यादी मला कधी मिळालेली नाही, आणि मिळाली तर कुणीतरी घरी बसून भरली असं मी समजतो.

त्याच ऑस्वेगोत एक रुग्ण जेवणाच्या आधीच, दुपारी ३ वाजता आजारी पडलेला होता. सोडून देण्याजोगा वाटावा असा. चौकशी केल्यावर कळलं की त्याने सकाळी ११ वाजताच ते आइस्क्रीम खाल्लं होतं. तुमची शनिवारची मुलगी मला म्हणून महत्त्वाची वाटते, आणि ती दोन्ही बाजूंना जाऊ शकते. काल्याची बुंदी आधीच पाडून ठेवतात. तिने शुक्रवारी मूठभर खाल्ली असेल तर बोट स्वयंपाकाकडे जातं. सप्ताहाच्या रोजच्या पंगतीला बसली असेल तर तिथे. यातलं काहीच नसेल आणि ती फक्त घरचं नळाचं पाणी प्यायली असेल, तर पाणी रविवारच्या आधीच बिघडलं होतं. आणि हो, १,८०० वस्तीत एखादं मूल कधीही आजारी असतंच, हेही शक्य आहे.

तुमच्या गावात अडचण अशी की प्रसाद खाणाऱ्यांनीच नळाचं पाणीही प्यायलंय. दोन संशयित कायम एकत्र दिसत असतील तर त्यांना वेगळं करणारे लोक शोधावे लागतात. कागदाचे चार रकाने करा: (१) प्रसादही खाल्ला आणि नळाचं पाणीही प्यायले; (२) प्रसाद खाल्ला, पण नळाचं पाणी नाही; (३) प्रसाद नाही, पण नळाचं पाणी प्यायले; (४) दोन्ही नाही. पहिल्या रकान्यात गर्दी असेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. निकाल मधल्या दोन रकान्यांत आहे. ‘प्रसाद हो, पाणी नाही’ यात मळेकरी आणि बाहेरगावचे टाळकरी, पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी. त्यांना फोन करा. पन्नास जणांना फोन करायला एक दुपार लागते. मात्र त्यांनी मांडवातल्या पिंपातलं पाणी प्यायलं का ते विचारा, आणि ते पिंप टँकरने भरलं की पंचायतीच्या नळाने, हेही. ‘प्रसाद नाही, पाणी हो’ यात सुतकातली घरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, वरचं पाणी सुरू झालेली तान्ही बाळं, आणि भावकीचं भांडण असल्यामुळे पंगतीला न आलेले. गावकीच्या रुसव्याफुगव्यांचा इतका उपयोग दुसऱ्या कुठल्या शास्त्राला होत नसेल. फक्त त्यांच्याकडे डबा पोचला होता का, ते विचारायला विसरू नका.

एक तिसरी शक्यताही मनात ठेवा. उकळलेली आमटी आणि तळलेली बुंदी गरम असताना सहसा काही करत नाही. पण मठ्ठा, कोशिंबीर, चटणी यांत कच्चं पाणी जातं. तसं निघालं तर प्रसाद निमित्त आणि पाणी मूळ, आणि दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे खरे.

टीसीएल टाकल्यावर रुग्ण कमी झाले, म्हणून पाणीच दोषी, असं सप्ताह कमिटीचं म्हणणं तुम्ही दिलंय. हा पुरावा मी कच्चा धरतो. लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाची मूठ जॉन स्नो या डॉक्टरच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ ला काढली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तोवर कॉलऱ्याचा जोर ओसरायला लागला होता आणि बरीच वस्ती पळून गेली होती, हे स्नोने स्वतःच नोंदवून ठेवलंय. त्याचा पंपाविरुद्धचा खरा पुरावा वेगळा होता: पंपाच्या शेजारी राहूनही न मेलेले लोक. जवळच्या दारूभट्टीतले कामगार तिथलीच बिअर पीत, अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसला स्वतःची विहीर होती. तेव्हा टीसीएलनंतर उतार पडला तर बघा की तो ढीग बुधवारच्या आधीच उतरायला लागला होता का.

कारण सिद्ध होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही, हे ओघाने आलंच. पाणी उकळून प्या म्हणून दवंडी द्या, शेवटच्या टोकाच्या नळाला रोज ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघा (टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येणारच, त्याचं कौतुक नको), नळाच्या थेट मोटरी काही दिवस तरी बंद ठेवा. ओआरएसची पाकिटं प्रत्येक घरात, मुलांना झिंक १४ दिवस. मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन काही तासांत डोळे खोल गेले, तर कॉलरा समजूनच धावपळ करा. अजून नवे रुग्ण येत असतील तर पाच-दहा जणांचे रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेले नमुने) घ्यायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, प्रतिजैविक सुरू करण्याआधी. पहिल्या आठवड्यात हे झालं नसेल तर चिडून उपयोग नाही, आता करा.

आणि पाण्यात गटार मिसळल्याचं निघालं तर गॅस्ट्रो थांबल्यावर रजिस्टर मिटू नका. हिपॅटायटिस ई चा अधिशयन काळ दोन ते दहा आठवड्यांचा आहे, बहुधा पाच-सहा आठवडे. इचलकरंजीत २०१२ साली याच काविळीची मोठी साथ आली होती, कोल्हापूरकडच्या लोकांना ते सांगायला नको. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर जीव जाण्याचं प्रमाण शंभरात २०-२५ पर्यंत जातं. म्हणून आशाताईंकडे गावातल्या गरोदर बायांची जी यादी आहे, तिच्यावर पुढचे अडीच महिने लक्ष ठेवा. मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे, एवढं दिसलं की त्याच दिवशी तपासणी.

तुम्ही यादी केलीत तर नावं काढून आळी, वय, आजाराची तारीख-वेळ, प्रसाद, पाणी एवढे रकाने इथे टाका, मी बघून सांगेन. तोवर आचाऱ्याकडे कुणी जाऊ नये एवढं सरपंचांच्या कानावर घाला. आणि सगळ्यात आधी ती शनिवारची मुलगी: तिच्या घरचा नळ कुठल्या व्हॉल्व्हवर आहे, आणि तिने त्या आठवड्यात पंगतीत किंवा मुदपाकखान्यात काही खाल्लं होतं का? तिला स्वतःला विचारा, तिच्या वडलांना नको. मुलांनी कुठे काय तोंडात टाकलं ते वडलांना माहीत नसतं.